त्या वर्षी आम्ही फिजीची वाट पाहिली

मला रग्बीचं वेड लावलं ते फिजीच्या एका बाईने, आणि तेही वाळवंटात.

नव्वदच्या दशकात वसईतल्या बऱ्याच मुली नर्सिंग करून आखाती देशांत गेल्या, तशी मीही गेले. हाडांच्या वॉर्डात माझी नेमणूक झाली. आमची मुख्य सिस्टर फिजीची होती. तिच्या पणजोबांना उसाच्या मळ्यावर मजुरीसाठी हिंदुस्थानातून जहाजाने नेलं होतं. ते परत आले नाहीत, पण त्यांची भाषा घरात राहिली. ती बोलायची ती हिंदी मी कधी ऐकली नव्हती. आम्ही सगळ्या तिला दीदी म्हणायचो.

तिथे सुट्टी शुक्रवारी असायची. दर शुक्रवारी संध्याकाळी आमच्याकडे दोनतीन दांडगे पुरुष यायचे. कुणाचा खांदा निखळलेला, कुणाचं नाक फुटलेलं, कुणाच्या कानाला टाके घालायचे. अंगभर वाळू आणि तोंडावर हसू. मला वाटायचं, हे दारू पिऊन मारामाऱ्या करतात. तसं मी दीदीला एकदा बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मारपीट नहीं, खेल है. चलो, हम देखाएगा."

पुढच्या शुक्रवारी तिने मला मैदानावर नेलं. मैदान म्हणजे पाणी मारून दाबलेली वाळू. दोन्ही टोकांना इंग्रजी एच अक्षरासारखे उंच खांब. फिजीचे, दक्षिण आफ्रिकेचे, इंग्लंडचे, तिथे नोकरीला आलेले लोक खेळत होते. पहिली पंधरा-वीस मिनिटं मला काहीच कळलं नाही. लांबट चेंडू, तो कुठेही उसळतो, आणि ज्याच्या हातात तो, त्याच्या अंगावर सगळे पडतात. दीदी शेजारी बसून एकेक गोष्ट सांगत होती. चेंडू हाताने पुढे फेकायचा नाही, द्यायचा तर बाजूला किंवा मागे. पुढे जायचं ते आपल्या पायांनी, तो छातीशी धरून. पाडलं तर सोडून द्यायचा, मागचे लोक येतात, उचलतात. "पीछे वाला को भरोसा करना पड़ता है," ती म्हणाली.

मग एकदम चेंडू डावीकडून उजवीकडे चारपाच हातांतून सरकत गेला आणि अगदी कडेला उभ्या असलेल्या एका काटकुळ्या माणसाच्या हातात आला. तो धावला. त्याच्यावर झेपावलेले दोघे वाळूत पडले, तिसऱ्याला त्याने नुसत्या खांद्याच्या हालचालीने चकवलं आणि खांबांमागे जाऊन चेंडू टेकवला. मी उभी राहून ओरडत होते, हे मला दीदीने माझा हात खाली ओढला तेव्हा कळलं.

सामना संपल्यावर जिंकलेल्यांनी दोन रांगा केल्या आणि हरलेले त्या रांगांमधून टाळ्या घेत गेले. मग दुसऱ्यांनी तसंच केलं. तो कडेचा काटकुळा माणूस दीदीला ओळखत होता. येऊन तिच्या पाया पडल्यासारखं वाकला. तो फिजीच्या मूळ रहिवाशांपैकी, दीदीच्या आजोळच्या गावाजवळचा. तो गेल्यावर दीदी म्हणाली की तिकडे आमच्या लोकांचं आणि यांच्या लोकांचं फारसं जमत नाही, जमिनीवरून, सरकारवरून खूप झालंय. "लेकिन खेल के दिन एक ही रेडियो रहता है," एवढं बोलून तिने पर्समधून च्युइंगगम काढून मला दिलं.

त्यानंतर मी तिथे होते तोवर बहुतेक शुक्रवार मी मैदानावरच काढले. दीदीमुळे फिजी माझाही संघ झाला. मी आखातात असतानाच माझी आई गेली. मी पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. परत कामावर आले तेव्हा दीदीने काही समजूत घातली नाही. शुक्रवारी गाडी घेऊन दारात आली, मला मैदानावर नेलं आणि सामनाभर माझा हात हातात धरून बसली.

करार संपल्यावर मी घरी आले. येताना दीदीने एक व्हिडिओ कॅसेट दिली. तिच्यावर फिजीचा एक जुना सामना होता.

लग्नाचं जमत होतं तेव्हा नंदाखालचं हे स्थळ आलं. मुलगा सातिवलीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता, वडिलांची केळीची वाडी. आम्हाला अंगणात बोलायला सोडलं तेव्हा त्याने विचारलं, "तुला काय आवडतं?" मी सरळ सांगितलं, "रग्बी."

"म्हणजे कुस्तीसारखी?"

"थोडी. पण पंधरा विरुद्ध पंधरा."

त्याने पायाने अंगणातला एक खडा बाजूला सारला. मग म्हणाला, "आमच्याकडे टीव्ही आहे." लग्न झालं.

नंदाखाल माझ्या माहेरपासून फार लांब नाही, पण बोली वेगळी. सासरी सगळे घरात कादोडी बोलायचे आणि पहिलं वर्षभर मला निम्मं कळायचं नाही. सासूबाईंचं बोलणं म्हणून मी इथे साध्या मराठीतच लिहिते आहे. त्यांना आम्ही आई म्हणायचो. ठेंगण्या, सडपातळ, चर्चमधली सकाळची मिस्सा न चुकवणाऱ्या, आणि संध्याकाळच्या मालिकाही न चुकवणाऱ्या. बाबा, म्हणजे सासरे, दिवसभर वाडीत. ते बोलायचे कमी, पण ऐकायचे सगळं.

मी विरारला एका हॉस्पिटलात नोकरी धरली. ऑस्ट्रेलियात रग्बीचा विश्वचषक होणार होता त्या वर्षी, उन्हाळ्याच्या आधीच, मला दिवस राहिल्याचं कळलं. डॉक्टरांनी तारीख सांगितली. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि मला हसूच आलं. दोन्ही ऑक्टोबरात.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दोन्ही एकत्र कसं जमवलंस?"

मी सामन्यांचं वेळापत्रक आगाशीच्या सायबर कॅफेतून छापून आणलं. ऑस्ट्रेलियात संध्याकाळी सामना म्हणजे आपल्याकडे दुपार. सकाळची ड्युटी संपवून घरी येऊन आरामात बघता आला असता. फिजीचे चार सामने ठरलेले होते. फ्रान्स, अमेरिका, जपान आणि स्कॉटलंड. मी कपाटाच्या दाराला आतून तो कागद चिकटवला, आणि साडी काढायला दार उघडलं की एकदा बघायचे.

अडचण एवढीच की ज्या चॅनलवर सामने लागणार होते तो आमच्या केबलवर येत नव्हता.

दुसरी अडचण आईंची होती. एका रविवारी जेवणं झाल्यावर मी दीदीची कॅसेट लावली. आई वाल सोलायला घेऊन बाहेरच्या खोलीत आल्या. दोन मिनिटं बघितलं आणि ताटली खाली ठेवली.

"हे काय लावलंस? बंद कर."

"आई, खेळ आहे."

"हा खेळ? पोटुशी बाईने असलं बघू नये. पोराच्या अंगात काय उतरेल?"

मी नर्स. मला सांगता आलं असतं की असं काही नसतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. त्यांची दोन मुलं जन्मल्याबरोबर गेली होती, हे मला नवऱ्याने सांगितलं होतं. मी टीव्ही बंद केला.

नंतरचे काही दिवस मी कपाटातल्या त्या कागदाकडे बघितलं नाही. रुसले नव्हते, पण वाट बघण्यातली मजा गेली होती. एका दुपारी आई माझ्या पायांना तेल लावायला बसल्या. पाय सुजत होते. लावता लावता त्यांनी विचारलं, "ती फिजीची बाई, कॅसेट दिलेली. तिला मुलं किती?"

"नाही झाली तिला. नवराही लवकर गेला."

"मग एवढ्या लांब एकटीच?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. दीदीचे पणजोबा, उसाचे मळे, वाळूचं मैदान. माझी आई गेल्यावर दीदी गाडी घेऊन दारात आली ते. आईंचा हात थांबला. माझ्या दुसऱ्या पायाला तेल लावून झाल्यावर उठल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "लाव ती कॅसेट. बघू तरी तुझी आई गेल्यावर तुला कुठे नेत होती ती."

आम्ही दोघी बसलो. दोन्ही संघांचे आठ-आठ जण डोकी खाली घालून एकमेकांना भिडले की आई विचारायच्या, "आता खाली काय हरवलं यांचं?" चेंडू मागेच द्यायचा हा नियम त्यांना पटेना. "पुढे जायचंय ना? मग मागच्याला कशाला देतात?" मी समजावून सांगत होते तेवढ्यात बाबा वाडीतून आले. दारात उभे राहून त्यांनी थोडा वेळ बघितलं, परत गेले आणि न सोललेला एक नारळ घेऊन आले. "चेंडू एवढा असतो?" त्यांनी विचारलं.

"एवढाच, थोडा लहान."

त्यांनी तो नारळ काखेत धरला, दोन पावलं टाकली आणि मागे न बघताच आईंच्या दिशेने सोडला. आईंनी तो मांडीवर झेलला आणि त्या किंचाळल्या. मी पोट धरून हसले. बाबा पाणी प्यायला आत निघून गेले.

सामना संपल्यावर फिजीचे खेळाडू दमून गवतावर गुडघे टेकून बसले, गोल करून, आणि गायला लागले. उपासनेचं गीत होतं. भाषा कळत नव्हती, पण चाल चर्चमधल्यासारखी. आईंनी डोक्यावर पदर घेतला. गाणं संपेपर्यंत हलल्या नाहीत.

"हे आपल्यातलेच आहेत की," त्या म्हणाल्या. "मग तुझा तो चॅनल कधी येणार?"

केबलवाल्याची मुख्य खोली मनवेलपाड्याला होती. ड्युटी संपल्यावर मी तिथे गेले. खोलीत डझनभर यंत्रांचे लाल-हिरवे दिवे, एक पंखा आणि तो. वयाने माझ्याहून लहान असेल. त्याने माझ्याकडे बघून आधी खुर्ची पुढे केली.

"बसा मॅडम. लाइन गेली का?"

"लाइन ठीक आहे. मला एक चॅनल पाहिजे." मी नाव सांगितलं.

"तो पे चॅनल आहे ना. त्याच्यावर क्रिकेट पण जास्त नसतं. काय बघणार तुम्ही?"

"रग्बी. वर्ल्ड कप आहे."

तो हसला नाही, हे त्याचं मला अजून कौतुक आहे. त्याने नीट विचार केला. "मॅडम, सच्ची बोलू? एका घरासाठी मला परवडत नाही. तुमच्या बाजूने डिमांड आली पाहिजे. दहाबारा घरं बोलली की मी टाकतो."

घरी येताना आमच्या चर्चच्या मैदानावर गावातली पोरं फुटबॉल खेळत होती. आमच्याकडे फुटबॉलचं वेड जुनं. मी कुंपणाशी थांबले आणि त्यांच्या कप्तानाला हाक मारली. तो पोस्टात नोकरीला होता, कामावरून येऊन तसाच मैदानात उतरायचा. मी त्याला चॅनलचं सांगितलं.

"वहिनी, रग्बीचं आम्हाला काय?"

"त्याच चॅनलवर इंग्लंडची फुटबॉल लीगही लागते."

तो तसाच वळला आणि मैदानाच्या मधोमध जाऊन त्याने सगळ्यांना गोळा केलं. मी निघाले तेव्हा त्यांचा खेळ बंद पडला होता आणि हातवारे चालले होते.

पोरांनी केबलवाल्याला फोन केले. तो हो हो म्हणत राहिला, पण सप्टेंबर उजाडला तरी चॅनल आला नाही. मला आठवा महिना संपत आला होता. रात्री कूस बदलणंसुद्धा कठीण, आणि मी विचार करायचे तो फ्रान्सच्या सामन्याचा. दीदीचा आखातातून फोन आला तेव्हा तिने तब्येतीचं विचारलं, बाळ हलतं का ते विचारलं आणि मग म्हणाली, "पहिला मैच हारेगा. फ्रांस बहुत जबरदस्त है. लेकिन देखना जरूर." मी बघेन म्हटलं. कसं बघणार ते तिला सांगितलं नाही.

मग केबलचे पैसे गोळा करणारा माणूस आला. मी आत पडून होते. अंगणातून आईंचा आवाज येत होता.

"तुमच्या साहेबाला सांगा, तो चॅनल लावा. नाहीतर आमची वायर काढून न्या."

"आजी, वायर काढली तर तुमच्या मालिका जातील."

"गेल्या तर गेल्या."

मी उठून दारात आले. आईंच्या मागे शेजारच्या तीन बायका उभ्या होत्या, हात कमरेवर. मागच्या बाजूने आणखी दोघी येत होत्या. रविवारी मिस्सा सुटल्यावर आईंनी चर्चच्या पायऱ्यांवर सगळ्यांना गाठलं होतं, हे मला नंतर कळलं. काय सांगितलं विचारलं तर म्हणाल्या, "सांगितलं, सुनेला डोहाळे लागलेत."

त्या माणसाने एकेका बाईकडे बघितलं. रोज संध्याकाळी ज्यांच्या मालिकांसाठी गावातले सगळे टीव्ही अडकून राहायचे, त्याच या बायका. त्याने पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाला, "मी साहेबांना सांगतो."

चारपाच दिवसांनी सकाळी मी कामावर जायची तयारी करत होते. ती माझी ड्युटीची शेवटची सकाळ, दुसऱ्या दिवसापासून रजा होती. नवरा रिमोटने चॅनल बदलत होता आणि एकदम म्हणाला, "अगं, बाहेर ये." पडद्यावर मुंग्या होत्या, पण मुंग्यांच्या मागे हिरवं मैदान होतं, एचसारखे खांब होते, आणि विश्वचषकाची जाहिरात चालली होती. मी कंगवा हातात घेऊन उभी राहिले. बाळाने आतून लाथ मारली. नवऱ्याला मी ते सांगितलं, तर तो म्हणाला, "त्याला पण कळलं वाटतं."

शेवटचे ते दिवस मला अजून स्पष्ट आठवतात. पाऊस सरला होता, ऊन कडक झालं होतं. बाबांनी राजेळी केळी सोलून सुकेळी करायला उन्हात मांडली होती. मी पडवीत खुर्चीत बसून कावळे हाकायचे आणि फिजीचा संघ मनात घोळवत बसायचे. एवढं निवांत मी आयुष्यात कधी बसले नव्हते. आई येता-जाता नियम विचारायच्या. लाथ मारून खांबांवरून घातला की किती गुण? टेकवला की किती? बायकांनी विचारलं तर सांगता यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांच्याकडून मी ऐकलं की शेजारच्या बाईला त्यांनी पेनल्टी समजावून सांगितली, आणि बरोबर सांगितली.

फ्रान्सच्या सामन्याला आमची बाहेरची खोली भरली. फुटबॉलची पोरं जमिनीवर, बायका भिंतीला टेकून, मी खुर्चीत पायाखाली पाट घेऊन. दीदीने सांगितलं होतं तेच झालं. फिजी दणकून हरली. पण मधे एकदा एक फिजीचा खेळाडू कडेने असा सुटला की सगळी पोरं उठून उभी राहिली आणि पोस्टातला कप्तान म्हणाला, "वहिनी, हे भारी आहे." मला तेवढं पुरे होतं. आईंनी सगळ्यांना कालवण-भाकरी वाढली, आणि हरलो म्हणून कुणी वाईट तोंड करू नका असं बजावलं.

तीन दिवसांनी पहाटे माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. संध्याकाळी मुलगी झाली. मी ज्या हॉस्पिटलात काम करायचे तिथेच. सगळं सुखरूप. आई रात्रभर माझ्याजवळ बसून होत्या, मुलीला दर थोड्या वेळाने बोटाने शिवून बघत होत्या.

पुढच्याच दिवशी फिजीचा अमेरिकेशी सामना होता. दुपारी मी मुलीला पाजत होते. तो बघता येणार नाही हे मला आठवलं, पण खरं सांगायचं तर वाईट वाटलं नाही. आई म्हणाल्या, "मी घरी जाऊन येते. कोंबड्यांना दाणे घालायचेत. तुझी नणंद आलीये, ती बसेल तुझ्याजवळ."

त्या गेल्या त्या संध्याकाळीच आल्या. हातात डबा, चेहरा लाल. डबा ठेवला, मुलीकडे बघितलं, माझ्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"एका गुणाने," त्या म्हणाल्या.

"काय एका गुणाने?"

"तुझी फिजी. जिंकली. अगं, शेवटाला त्या अमेरिकेवाल्यांनी चेंडू टेकवला. मग एका गुणाचाच फरक. त्यांचा एक पोरगा आला, चेंडू नीट उभा ठेवला, मागे सरकला. आता हा खांबांमधून गेला की संपलं. मी तर डोळेच मिटले. पोरं सगळी गप्प. शेजारीण म्हणते, सांगा कुणीतरी, काय झालं?"

"मग?"

"बाहेर! इकडून गेला, बाहेरून!" त्यांनी हाताने दाखवलं तसा डबा कलंडता कलंडता राहिला. पलीकडच्या पलंगावरची बाई उठून बसली. "पोरांनी बाबांना उचललं. बाबांना! ते पाणी प्यायला आले होते नुसते."

मला हसताना टाके दुखत होते. नणंद विचारत होती, कोण जिंकलं, कोण हरलं, कसली फिजी. मुलगी माझ्या दंडावर झोपली होती. आईंनी डबा उघडला, पेजेत तूप घातलं, चमचा माझ्या हातात दिला.

"कोंबड्यांना दाणे घातले का?" मी विचारलं.

"घातले असतील कुणीतरी." त्यांनी पदराने कपाळ पुसलं आणि जरा जवळ सरकल्या. "पुढचा कुणाशी आहे?"

"जपानशी. पुढच्या आठवड्यात."

"तोवर तू घरी असशील," त्या म्हणाल्या. "जपानवाल्यांना येतो का गं हा खेळ?"